इंटरप्ट दुपटीने येत होते, त्याची गोष्ट

आमच्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डवर लिनक्सचा एक ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा प्रोग्रॅम) होता. डेटा बिनचूक यायचा, पण सीपीयूवर उगाच लोड. इंटरप्ट म्हणजे 'माझ्याकडे बघ' असा डिव्हाइसने सीपीयूला दिलेला इशारा. त्यांची मोजणी दाखवणारं `/प्रॉक/इंटरप्ट्स` उघडलं तर जितके पॅकेट, त्याच्या बरोबर दुप्पट इंटरप्ट. आकडा इतका नेमका दुप्पट असेल तर तो नॉईज नसतो, हे मी ठामपणे सांगेन.

मग त्या आयआरक्यूची (इंटरप्ट लाईनची) `स्प्युरिअस` फाईल पाहिली, तिथे फुकट आलेल्या इंटरप्टची नोंद असते. 'अनहँडल्ड'चा, म्हणजे कुणीच न हाताळलेल्या इंटरप्टचा, आकडा एकूण इंटरप्टच्या जवळजवळ निम्मा! डीमेसेज (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश) मात्र गप्प, कारण 1,00,000 पैकी 99,900 पेक्षा जास्त इंटरप्ट बेवारस निघाले तरच कर्नल 'नोबडी केअर्ड' म्हणत ती लाईन बंद करतो. निम्म्यावर तो चकार शब्द काढत नाही.

लाईन लेव्हल-ट्रिगर्ड होती, म्हणजे ती वर असेपर्यंत इंटरप्ट येतच राहतो. हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) शेवटच्या ओळीत डिव्हाइसच्या स्टेटस रजिस्टरमध्ये 1 लिहून इंटरप्ट पुसायचा आणि लगेच परतायचा. पण ते राईट सीपीयू आणि डिव्हाइस यांना जोडणाऱ्या बसच्या बफरमध्येच रेंगाळायचं. डिव्हाइसने लाईन खाली आणण्याआधीच इंटरप्ट कंट्रोलर ती पुन्हा उचलायचा. दुसऱ्या खेपेला हँडलर स्टेटस वाचायचा तेव्हा तिथे शून्य, म्हणून तो 'आयआरक्यू नन' (हा इंटरप्ट माझा नाही) असं उत्तर द्यायचा.

उपाय एका ओळीचा: राईटनंतर तेच रजिस्टर `रीडएल` या वाचण्याच्या फंक्शनने परत वाचायचं, कारण आधीचं राईट पोचल्याशिवाय ते वाचन पूर्ण होत नाही. नुसता `डब्ल्यूएमबी` (राईट बॅरिअर) इथे पुरत नाही. तो क्रम राखतो, राईट डिव्हाइसपर्यंत पोचल्याची हमी देत नाही. शक्य असेल तर स्टेटस हँडलरच्या सुरुवातीलाच पुसावं, म्हणजे लाईन खाली यायला वेळ मिळतो. आम्ही दोन्ही केलं. आता पॅकेट आणि इंटरप्टचे आकडे जुळतात.