हेलिकॉप्टर भेट दिलं, ही बातमी कशी वाचायची

मोठ्या देशाने छोट्या देशाला हेलिकॉप्टर भेट दिलं अशी बातमी आली की ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते बघा आपली ताकद, दुसरी म्हणते आमच्या टॅक्सचे पैसे उधळले. दोघांचंही लक्ष हेलिकॉप्टरवरच. मालदीवचं प्रकरण मी बरेच दिवस फॉलो करतोय, त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी किंमत बाजूला ठेवा आणि ते उडवणार कोण ते शोधा. आपण त्यांना दोन ध्रुव हेलिकॉप्टर दिली, २०२० मध्ये एक डॉर्नियर विमान दिलं. काम काय, तर लांबच्या बेटावरचा पेशंट राजधानी मालेला आणायचा, समुद्रात कोणी हरवलं तर शोधायचं. कागदावर कमांड त्यांच्या सैन्याची, पण वैमानिक आपले, मेंटेनन्सवाले आपले, असे सगळे मिळून साधारण ८० जण तिकडे मुक्कामाला. आणि २०२३ च्या निवडणुकीत नेमके हेच ८० जण 'इंडिया आउट'चा, म्हणजे भारतीय जवानांना बाहेर काढा या मोहिमेचा, मुद्दा झाले, विमानांबद्दल कोणाची फारशी तक्रार नव्हती! ही मागणी करणारे मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, १० मे २०२४ ही डेडलाइन ठरली, जवान परत आले आणि त्यांच्या जागी आपलेच सिव्हिलियन टेक्निकल लोक गेले. पुढची गंमत म्हणजे डेडलाइन उलटते न उलटते तोच त्यांचे संरक्षणमंत्री घासान मौमून प्रेसला सांगून मोकळे, की ही विमानं उडवू शकेल असा माणूस आमच्या सैन्यात नाही, ट्रेनिंग सुरू झालं होतं पण पूर्ण झालं नाही. म्हणून बातमीत 'ट्रेनिंग' शब्द दिसला की विचारा, किती जणांचं, आणि पूर्ण झालं का.

दुसरं, शब्द नीट बघा. भेट वेगळी, लाइन ऑफ क्रेडिट (लागेल तसं उचलायचं कर्ज) वेगळी. जुलै २०२५ मध्ये आपण मालदीवला ४,८५० कोटी रुपयांची लाइन ऑफ क्रेडिट दिली, ते फेडायचे पैसे आहेत, आणि अशा कर्जात खरेदीचा मोठा भाग साधारणपणे देणाऱ्याच्याच दुकानातून करावा लागतो. हेडलाइनवाले दोन्हीला 'मदत'च म्हणतात.

तिसरं, त्याच सुमारास अजून कोण येऊन गेलं ते बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये चीनचं संशोधन जहाज मालेला आलं, मार्चमध्ये चीनशी फुकट लष्करी मदतीचा करार झाला, तुर्कस्तानचे ड्रोनही त्याच काळात घेतले. आणि ऑक्टोबरमध्ये तेच मुइझ्झू दिल्लीत, ४० कोटी डॉलर आणि वर ३,००० कोटी रुपयांच्या करन्सी स्वॅपचा (आपलं चलन ठेवून तात्पुरतं दुसरं चलन घ्यायचं, नंतर परत करायचं) करार करून गेले. त्यामुळे छोटा देश म्हणजे बिचारा, सगळे त्याला ओढतायत, हे डोक्यातून काढा, तोही प्रत्येक दुकानात भाव करून येतो. (आपल्याकडे त्याच वर्षी जानेवारीत मालदीववर रागावून तिकडची तिकिटं कॅन्सल करणारे तोपर्यंत सगळं विसरले होते.)

जुलै २०२५ च्याच भेटीत आपण त्यांच्या सैन्याला ७२ गाड्या दिल्या. माझ्या मते हे जास्त हुशारीचं, कारण गाडीला ड्रायव्हर मालेतच मिळतो, आपला माणूस तिथे नेऊन बसवावा लागत नाही. फक्त क्लच प्लेट गेली की ऑर्डर कुठे जाणार तेवढं बातमीत शोधा, बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.