ऑटिझम असलेल्या मुलाची हेवी मेटल टेस्ट: या चुका टाळा

शरीरात शिशासारखे जड धातू आहेत का, हे तपासायला मुलाच्या मानेवरचे केस कात्रीने कापून छोट्या पाकिटात भरले, तेव्हा वाटलं होतं, आता ऑटिझमचं कारण सापडणार. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. हाक मारली तरी वळून बघत नव्हता. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. धातूंची नावं आणि प्रत्येकापुढे हिरवी, पिवळी नाहीतर लाल पट्टी. शिसं लाल, अ‍ॅल्युमिनियम लाल. तो कागद मध्ये ठेवून आम्ही दोघं रात्रभर जागे होतो. आज वडगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक तसाच कागद घेऊन येतात, "अक्का, लाल आलंय की ओ, आता काय करायचं?" म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

केसांच्या रिपोर्टवर विश्वास ठेवणं

केसांवर बाहेरचंही बसतं. बोअरचं पाणी, तेल, शाम्पू, रस्त्याची धूळ. शरीरातून आलेलं किती आणि बाहेरून चिकटलेलं किती, हे त्या चाचणीतून कळत नाही. लॅब बदलली की आकडेही बदलतात. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी नंतर हाताच्या शिरेतून रक्त काढून शिसं तपासलं, तर काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं.

"आधी ही कॅप्सूल द्या, मग लघवी आणा"

सगळ्यात घातक चूक हीच. त्या कॅप्सूलमध्ये धातू ओढून काढणारं, म्हणजे चिलेशनचं औषध असतं. ते दिल्यावर कुणाच्याही लघवीत धातू वाढतात, तुमच्या-माझ्यासुद्धा. मग तो आकडा औषध न घेतलेल्या माणसांच्या आकड्यांशी ताडून बघतात आणि 'विषबाधा' म्हणून सांगतात. स्वच्छ घरातली गोधडीही झटकली की उन्हात धूळ दिसतेच, त्यावरून घर घाण ठरत नाही. अमेरिकेतल्या विषशास्त्राच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2013 मध्ये ही पद्धत वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे.

या रिपोर्टवरून पुढे चिलेशन सुरू होतं, म्हणून भीती वाटते. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा शिरेतून ईडीटीए हे चिलेशनचं औषध देताना दगावला. रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली गेलं होतं. चिलेशनने ऑटिझमची लक्षणं कमी होतात, याला पुरावा सापडलेला नाही. झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्याचाही निष्कर्ष तोच आहे.

वीस-पंचवीस धातूंचं पॅकेजही घेऊ नका. इतक्या तपासण्या एकदम केल्या की ठणठणीत मुलाचाही एखादा आकडा नुसत्या योगायोगाने रेषेबाहेर जातो.

गरज असताना तपासणी न करणं

वरचं सगळं ऐकून काही पालक म्हणतात, मग काहीच तपासायला नको. तीही चूकच. आपल्या मुलांपैकी बरीच मुलं माती, चुना, रंगाचे पोपडे तोंडात घालतात. वय वाढलं की इतर मुलांचं हे थांबतं, आपल्या मुलांचं लांबतं. अशा मुलाचं रक्तातलं शिसं बघायलाच हवं.

खानापूरकडच्या एका बाईंच्या घरी गेले होते. जुनं घर, खिडकीच्या चौकटीला निळ्या ऑईलपेंटचे थरावर थर. खालच्या लाकडावर बारीक दातांचे ठसे होते, रांगेने. मुलगा तिथेच उभा राहून रस्ता बघायचा आणि कुरतडायचा. रक्तात शिसं डेसिलिटरला (100 मिलिलिटरला) 14 मायक्रोग्रॅम निघालं. डॉक्टरांनी चिलेशन दिलं नाही. हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून लोह सुरू केलं (लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं). चौकट बदलली, तीही मुलाला मामाकडे पाठवून, कारण कोरडा रंग खरवडला की धूळ घरभर होते. चार महिन्यांनी आकडा 8 वर आला. मुलाचं बोलणं त्यामुळे सुरू झालं नाही, ती अपेक्षा ठेवूच नका. पण शिसं मेंदूला वेगळी इजा करतं, ती तरी थांबली.

घरात शोधायचं काय? 2016 च्या नियमाने घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली, त्याआधीचे थर संशयाचे. वडील बॅटरीच्या दुकानात किंवा भंगारात काम करत असतील तर त्यांचे कपडे. विकतचा सुरमा. खुली, फार भडक पिवळी हळद. त्यापेक्षा हळकुंडं आणून गिरणीत दळून घ्या. 'बुद्धी वाढवणारं' म्हणून दिलेलं भस्म. कल्हईच्या कथलात शिसं मिसळलेलं असेल तर ती भांडीसुद्धा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर उगम शोधून बंद करायचा. मुलांना चिलेशनची शिफारस 45 पासून आहे, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तपासणीच्या दिवशी

रक्त शिरेतूनच द्या. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरची धूळ थेंबात येते आणि आकडा खोटा वाढतो. आर्सेनिकही बघायचं असेल तर आधी चार-पाच दिवस मासे बंद, कारवार-गोव्याची मासळी घरी आली असली तरी. माशातल्या निरुपद्रवी आर्सेनिकनेही आकडा फुगतो. सुईला मूल फार घाबरत असेल तर बधिर करणाऱ्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा. ते तासभर आधी लावावं लागतं, म्हणून घरूनच लावून निघा.

आणि रिपोर्टची वाट बघत थेरपी थांबवू नका. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठीचं डी.ई.आय.सी. केंद्र कुठे आहे ते विचारा, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. त्या लाल पट्ट्यांपायी आम्ही पाच महिने स्पीच थेरपी बंद ठेवली होती. तेव्हा तो नुकता 'पाणी' मधला 'पा' म्हणायला लागला होता.