पावलांची दिशा कळली पाहिजे: स्पर्धेच्या गेमिंगसाठी हेडफोन असा निवडा

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा बीजीएमआय असे गोळीबाराचे गेम खेळताना हेडफोनकडून मुख्य काम एकच हवं असतं. समोरचा खेळाडू कुठल्या बाजूला आणि साधारण किती लांब आहे, हे तो दिसण्याआधी कळलं पाहिजे. गाण्यांना उत्तम वाटणारा हेडफोन या कामात कमी पडू शकतो, आणि महागडा गेमिंग हेडसेटसुद्धा.

आवाज डावीकडून आला की तो डाव्या कानाला आधी आणि जरा मोठा ऐकू येतो. दोन कानांमधला हा फरक फार तर ०.७ मिलिसेकंदाचा, तरी मेंदू तो पकडतो. समोरून की मागून, वरच्या मजल्यावरून की खालून, हे मात्र बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे आवाजात होणाऱ्या बारीक बदलांवरून कळतं. हे बदल मुख्यतः ५ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात होतात. म्हणून डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी वाजली पाहिजे आणि वरचे सूर दबलेले नकोत. बेस फुगवलेल्या हेडसेटमध्ये ग्रेनेड आणि इंजिनाची घरघर पावलांचा आवाज गिळून टाकते.

पायरी १: आधी खोली ऐका

तुम्ही ज्या वेळी खेळता त्या वेळी पाच मिनिटं गप्प बसून खोलीतले आवाज मोजा. पाचवर फिरणारा पंखा, उघड्या खिडकीतून येणारे हॉर्न, हॉलमधला टीव्ही, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. मुंबईत हेडफोनचा प्रकार इथेच ठरतो.

ओपन-बॅक हेडफोनचे कप जाळीचे असतात. त्यात आवाज मोकळा वाटतो, दिशा छान कळते आणि कानाला हवा लागते. सेनहायझर एचडी ५६०एस किंवा फिलिप्स एसएचपी९५०० ही त्यातली ओळखीची नावं. पण बाहेरचा गोंगाट जसाच्या तसा आत येतो आणि तुमच्या बंदुकीचा आवाज शेजारी झोपलेल्या माणसाला ऐकू जातो. वन आरकेमध्ये रात्री अकरानंतर ते जमत नाही. बंद दाराची, शांत, स्वतंत्र खोली असेल तरच ओपन-बॅक घ्या.

क्लोज्ड-बॅक, म्हणजे बंद कपांचा हेडसेट गोंगाट अडवतो. त्याची किंमत मे महिन्यात कळते: तासाभरात कान घामाने भिजतात.

मुंबईच्या बहुतेक घरांसाठी आमची पहिली शिफारस वायरच्या आयईएमची आहे, म्हणजे कानाच्या आत नीट बसणाऱ्या इअरफोनची. मूनड्रॉप, केझेड, ट्रूथिअर, ७हर्ट्झ अशा कंपन्यांचे आयईएम दोन-अडीच हजारांच्या आत मिळतात आणि दिशेच्या बाबतीत त्याहून महाग हेडसेटना सहज टक्कर देतात. मोठ्या स्पर्धांच्या मंचावर खेळाडू कानात आयईएम घालतात आणि त्यावर आवाज अडवणारा हेडसेट चढवतात. गेमचा आवाज आतल्या आयईएममधून येतो.

आयईएमचं सगळं यश टिपच्या, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोपीच्या मापावर आहे. एका कानाची टिप सैल बसली की त्या बाजूचा बेस गळतो आणि सगळा आवाज दुसऱ्या बाजूला सरकतो. डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं माप लागणं अगदी सामान्य आहे. टिप बसल्यावर स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं वाटलं, तर ती बरोबर बसली.

पायरी २: वायर, डोंगल की ब्लूटूथ

सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. साध्या ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे नऊ ते पंधरा फ्रेम. तेवढ्यात समोरचा खेळाडू कोपरा ओलांडून गोळी मारून मोकळा होतो. इअरबड्सचा ‘गेम मोड’ हा उशीर कमी करतो, संपवत नाही. दुसरी अडचण माइकची. ब्लूटूथवर माइक चालू झाला की बहुतेक जोडण्या फोन कॉलच्या पद्धतीवर उतरतात, आवाज चपटा आणि मोनो होतो, दिशा पूर्ण जाते. बीजीएमआयमध्ये टीमशी बोलायला लागल्यावर आवाज अचानक खराब का झाला, याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं.

वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल असलेला हेडसेट घ्या. त्याचा उशीर खेळण्याजोगा असतो. मात्र सोसायटीत भिंतीला भिंत लागून प्रत्येक घरात राउटर असतो आणि तोही बहुधा याच पट्ट्यात बोलतो. डोंगल सीपीयूच्या मागे खुपसू नका. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन लावून तो टेबलावर आणा. शक्य तर यूएसबी २.० पोर्ट वापरा, कारण यूएसबी ३.० पोर्ट आणि त्याच्या वायरी स्वतःच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात.

पायरी ३: खोक्यावरचे कुठले आकडे बघायचे

ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर ५० मिमीचा की ४० मिमीचा, यावरून काही ठरत नाही. २० ते २०,००० हर्ट्झ सगळेच छापतात. ‘७.१ सराउंड’ म्हणजे कपात सात स्पीकर बसवलेत असं नव्हे. बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक बाजूला एकच ड्रायव्हर असतो आणि बाकीचं सॉफ्टवेअर करतं.

बघायचा आकडा इम्पिडन्सचा (विजेला होणारा विरोध, ओहममध्ये), आणि त्यासोबत सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो). फोन किंवा लॅपटॉपला थेट लावायचं असेल तर १६ ते ६० ओहम बरं. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमच्या आवृत्तीत प्रसिद्ध आहे, पण फोनवर तो मिणमिणता वाजतो. त्याला अॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं वेगळं यंत्र लागतं आणि तो खर्च आधीच धरावा लागतो. दुसरा आकडा वजनाचा. मोठा हेडसेट ३०० ग्रॅमच्या आत असावा, नाहीतर तिसऱ्या सामन्याला मान बोलते. चष्मा असेल तर कापडी, मखमली कुशन घ्या. रेक्झिनच्या कुशनखाली चष्म्याची काडी फट करते आणि त्या बाजूचा बेस गळतो.

वायर निघणारी हवी, यावर आम्ही ठाम आहोत. आयईएममध्ये बहुधा वायरच आधी जाते, जॅकजवळ. ०.७८ मिमीच्या दोन पिनांनी (टू-पिन) जोडलेली वायर काही शे रुपयांत बदलता येते. पक्की जोडलेली वायर तुटली तर दुरुस्ती अवघड जाते.

पायरी ४: विकत घेताना

ग्रँट रोड स्टेशनवर उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. जाताना फोन, आपलं अडॅप्टर, आपल्या टिप आणि फोनमध्ये दोन फायली न्या: एक मोनो आवाजातलं बोलणं आणि एक २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सरकत जाणारा आवाज. मोनो बोलणं बरोबर कपाळाच्या मध्यावर ऐकू आलं पाहिजे. ते एका बाजूला झुकलं तर हेडफोन उलटा घाला. झुकावही बाजू बदलत असेल तर दोष हेडफोनमध्ये किंवा फोनमध्ये आहे. त्याच बाजूला राहिला तर दोष कानात किंवा टिपच्या बसण्यात. स्वीप चालू असताना आवाज मधेच डावी-उजवीकडे भटकला तर दोन्ही बाजू जुळलेल्या नाहीत, तो पीस परत द्या.

जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. नामांकित मॉडेल निम्म्या किमतीत मिळत असेल तर ते बनावट धरूनच चला.

पायरी ५: जोडणी

हेडसेटच्या ३.५ मिमी जॅकवर तीन काळे पट्टे असतील तर त्याच जॅकमध्ये माइकही आहे. डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, तिथे वाय-स्प्लिटर, म्हणजे एका जॅकचे आवाज आणि माइक असे दोन जॅक करणारी वायर लागते. तिच्याशिवाय माइक चालत नाही आणि लोक हेडसेटला दोष देतात.

माऊस हलवला की किंवा ग्राफिक्स कार्डवर भार आला की कानात चिरचिर येते? पुढच्या पॅनलची वायर कॅबिनेटमधून जाताना तो गोंगाट उचलते. मागचा जॅक वापरून बघा. तरी गेलं नाही तर छोटा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारा तुकडा घ्या. अॅपलचा यूएसबी-सी अडॅप्टर हजाराच्या आसपास मिळतो आणि संगणकावर उत्तम चालतो, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज लहान येतो. फोनसाठी अडॅप्टर घेताना आत डॅक आहे का हे विचारून घ्या. नुसत्या वायरीचा स्वस्त अडॅप्टर बऱ्याच फोनवर मुका राहतो.

‘हूं’ असा एकसुरी आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला तर संशय अर्थिंगवर. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण अर्थची वायर मागे जोडलेलीच नसते. हे काम इलेक्ट्रिशियनलाच द्या. अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून देणाऱ्याला थांबवा. त्यात न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटच्या पत्र्यात करंट उतरतो.

पायरी ६: सेटिंग

नियम असा की दिशेची प्रक्रिया एकदाच व्हावी. गेममध्ये एचआरटीएफ (कानाच्या वळणांमुळे होणारे बदल आवाजात घालून दिशा दाखवणारी सोय) चालू असेल तर विंडोजचं स्पेशिअल साउंड, हेडसेटचं ७.१ आणि डॉल्बी-डीटीएस सगळं बंद. दोन प्रक्रिया एकावर एक चढल्या की पावलं चहूबाजूंनी येतात. व्हॅलोरंटमध्ये ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ चालू करा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ईक्यू (सुरांची पातळी ठरवणारं) प्रोफाइल ‘क्रिस्प’पासून सुरू करा, मेनू आणि राउंडचं संगीत शून्यावर न्या, दहा सेकंदांचा इशारा मात्र ठेवा.

विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ टॅब उघडा आणि ‘डू नथिंग’ निवडा. मूळ सेटिंगमध्ये कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्के खाली नेतं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर मित्र बोलू लागल्यावर गेम का बारीक होतो, त्याचं हे नेहमीचं कारण आहे. डिस्कॉर्डचं अॅटेन्युएशनही (कोणी बोललं की बाकीचे आवाज कमी करणारी सोय) शून्यावर ठेवा.

विंडोजचं ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ लावल्यावर लांबची पावलं मोठी ऐकू येतात, म्हणून अनेकांना ते आवडतं. पण लांबचं आणि जवळचं सारखंच वाजू लागतं आणि अंतराचा अंदाज जातो. त्यापेक्षा इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. १५० हर्ट्झच्या खाली ३ डेसिबल कमी करा, २ ते ४ किलोहर्ट्झ ३ डेसिबल वाढवा आणि जितकं वाढवलं तितकाच प्रीअॅम्प (त्यातली एकूण आवाजाची पातळी) खाली घ्या, नाहीतर मोठे आवाज फाटतात.

पायरी ७: माइक

पंख्याखाली खेळणाऱ्याने टेबलावरचा कंडेन्सर माइक घेऊ नये, तो रस्त्यावरची रिक्षाही टीमला ऐकवतो. हेडसेटचा दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतरावर, श्वासाच्या रेषेबाहेर ठेवा. आयईएमच्या वायरीवरचा माइकही पुरतो, फक्त तो शर्टावर घासत नाही ना ते बघा. डिस्कॉर्डमधली क्रिस्प (Krisp) ही गोंगाट गाळणारी सोय पंखा बऱ्यापैकी गाळते.

पायरी ८: डोळे मिटून परीक्षा

कस्टम सामन्यात मित्राला घ्या. तुम्ही एका जागी उभे राहून डोळे मिटा, तो आठ दिशांपैकी कुठूनही पळत येऊ दे. वीस वेळा दिशा सांगा आणि चुका लिहून ठेवा. डावी-उजवी चुकत असेल तर टिप आणि जोडणी तपासा. पुढे-मागे चुकत असेल तर एचआरटीएफ तपासा आणि ते चालू ठेवून आठवडाभर खेळून पुन्हा परीक्षा घ्या. कानाला सवय व्हायला वेळ लागतो. एका वेळी एकच सेटिंग बदला.

ही परीक्षा कमी आवाजावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, आणि ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. पंख्यावर मात करायला आवाज वाढवावा लागत असेल तर टिप बदला.

पावसाळा

जून ते सप्टेंबर दमट हवेत रेक्झिनची कुशन सोलवटतात आणि जॅकवर हिरवट थर येतो. खेळ संपल्यावर कुशन कोरड्या कापडाने पुसा. हेडफोन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा आणि पुड्या दर महिन्याला बदला. खरखर सुरू झाली की कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जॅक पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग लावा. आयईएमची जाळी मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झाडा. वर धरली तर मळ आत पडतो आणि एक बाजू बारीक वाजू लागते.