बोरॉनच्या दुहेरी-तिहेरी बंधाशी गंधक-सेलेनियम: या चुका टाळा

बेळगावात एम.एस्सी.च्या मुलांचे सेमिनार ऐकताना एक वाक्य दर वर्षी कानावर येतं: ‘बोरॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा भुकेला.’ बोरॉन ट्रायफ्लोराइडपुरतं ते खरं. पण कार्बीनने (इलेक्ट्रॉनची जोडी देणाऱ्या कार्बनच्या रेणूने) दोन्ही टोकांनी धरून ठेवलेला बोरॉन-बोरॉन दुहेरी किंवा तिहेरी बंध घेतला आणि त्यावर गंधक किंवा सेलेनियम टाकलं, की पारडं उलटतं. तिथे बोरॉन देणारा होतो आणि गंधक घेणारं. फळ्यावर बाण उलटा काढलात तर पुढचं सगळंच उलटं जातं.

असा स्थिर दुहेरी बंध 2007 साली अमेरिकेत रॉबिन्सन यांच्या गटाने दाखवला, तिहेरी बंध 2012 साली जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला ब्राउनश्वाइग यांच्या गटाने.

आता एका रेणूला गंधकाचे किती अणू लागतात या मोजणीची चूक, जी सगळ्यात जास्त होते. तिहेरी बंधात तीन जोड्या, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन. प्रत्येक गंधक दोन घेणार. म्हणून तीन गंधक. हिशेब देखणा, पण उत्तर चुकीचं. दोन बोरॉनमध्ये पूल (दोघांना जोडणारे गंधकाचे दुवे) तीनच पडतात, मात्र त्यातले दोन पूल गंधकाच्या जोड्यांचे असतात आणि एक एकट्या अणूचा. जोडी असो की एकटा, पूल घेतो दोनच इलेक्ट्रॉन. त्यामुळे गंधकाचे अणू लागतात पाच. सेलेनियमचंही तसंच. दुहेरी बंधाला गंधकाचे तीन अणू: एक जोडी, एक एकटा, आणि पाच अणूंचं कडं.

पुढे वजन करताना दुसरा खड्डा. बाटलीतलं गंधक आठ अणूंच्या रेणूंचं. 0.1 मिलिमोल डायबोराइनला (म्हणजे तिहेरी बंधाच्या रेणूला) गंधक हवं 16 मिलिग्रॅम. रेणुभार 256 धरून पाच रेणू मोजलेत तर 128 मिलिग्रॅम टाकाल, आठपट! चिकोडी-अथणीकडच्या पोरांना गंधक म्हटलं की साखर कारखान्यातली पोती आठवतात, पण इथे चिमूटसुद्धा जास्त. आणि खानापूरच्या बाजूला जुलैत काय दमट असतं ते सांगायला नको. उघड्या कपाटातली बाटली तशीच ग्लोव्हबॉक्समध्ये (हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत) नेऊ नका, आधी गंधक वाळवा.

एनएमआरची (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल टिपणाऱ्या तपासणीची) चूक मात्र माझी स्वतःची. बोरॉनच्या स्पेक्ट्रममध्ये शून्याच्या आसपास एक पसरट टेकाड दिसलं आणि दोन दिवस मी त्यालाच प्रॉडक्ट समजून खूश होतो. ते होतं नळीच्या काचेतलं बोरॉन! नेहमीची काच बोरोसिलिकेटची असते. क्वार्ट्झची नळी घ्या. तरी टेकाड उरलं तर ते प्रोबच्या (यंत्रात नळी बसते त्या भागाच्या) काचेचं. नुसत्या सॉल्व्हंटचा कोरा स्पेक्ट्रम घेऊन ताडून पाहा. सेलेनियमचा सिग्नल दिसला नाही म्हणून रिॲक्शन फसली असंही लगेच ठरवू नका. बोरॉनला चिकटलेल्या सेलेनियमची रेघ रुंदावते आणि गोंगाटात बुडते.

शेवटची गल्लत कागदावरची. बोरॉन आणि फॉस्फरसमध्ये दोन रेघा काढल्या की दुहेरी बंध झाला, असं नसतं. बोरॉनचं 2p आणि फॉस्फरसचं 3p ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनची जागा) नीट जुळत नाही. आजूबाजूला अवजड गट नसतील तर असे दोन रेणू एकमेकांना जोडून मोकळे होतात.