पृष्ठभागाखालच्या लाटा मोजायला शिकताना

किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात अंतर्गत लाटांवर काम करायचं ठरवलेले विद्यार्थी बहुतेक वेळा पहिला प्रश्न उपकरणांचा विचारतात. कोणता सेन्सर घ्यावा, किती खोल लावावा? माझं म्हणणं असं, की आधी पाण्याचे थर समजून घ्या. उन्हाळ्यात भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, वरचं पाणी उबदार आणि हलकं असतं, खालचं थंड आणि जड. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात, थर्मोक्लाइनमध्ये, या लाटा चालतात. घनतेतला फरक हजारात दोन भागांइतका किरकोळ असतो, त्यामुळे पाण्याला मूळ जागी ओढणारा जोरही कमी पडतो. तिथलं पाणी २० मीटर खाली दबलं, तरी पृष्ठभागाची पातळी जेमतेम चार सेंटिमीटर बदलते. म्हणून लाटेचा शोध तापमान, प्रवाह आणि पृष्ठभागाचा पोत यांतून घ्यावा लागतो.

सुरुवातीलाच दोन गणितं हाताने करून बघा. समजा, वरचा थर २० मीटर, खालचा ६० मीटर आणि घनतेतला फरक घनमीटरला २ किलो आहे. दोन्ही जाडींचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, त्याला फरकामुळे क्षीण झालेल्या गुरुत्वाने (गुरुत्व गुणिले घनतेतला फरक, भागिले पाण्याची घनता) गुणा आणि वर्गमूळ काढा. वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या थोडा वर येतो, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. अशी लाट एखाद्या जागेवरून जायला १० मिनिटं घेत असेल, तर तिची लांबी सुमारे ३०० मीटर.

दुसरं गणित ब्रंट-वैसाला वारंवारतेचं, म्हणजे जागेवरून हललेलं पाणी थरांमध्ये किती वेगाने वर-खाली डोलतं त्याचं. हाच फरक २० मीटर जाडीच्या थर्मोक्लाइनमध्ये सारखा पसरला असेल, तर तिथलं पाणी सुमारे साडेतीन मिनिटांत एक आंदोलन पूर्ण करतं. याहून जलद अंतर्गत लाट त्या पाण्यात चालू शकत नाही. नोंदी किती वेळाने घ्यायच्या, हे या एका आकड्यावरून ठरतं: मिनिटाला एक तरी हवीच, त्याहून दाट असल्या तर उत्तम. तासाला एक नोंद घेतली, तर दहा मिनिटांची लाट नोंदीतून नाहीशी होत नाही. ती खोट्या, संथ चढउताराच्या रूपात शिरते आणि नंतर कुठल्याही फिल्टरने ती वेगळी काढता येत नाही. मोजणीचा एकूण काळही तोकडा नको. या लाटांचा मोठा भाग भरती-ओहोटी खंडान्त उतारावर, म्हणजे भूखंडमंच संपून समुद्र खोल होतो तिथे, आपटून जन्मतो, आणि उधाणाच्या मोठ्या भरतीपासून भांगाच्या लहान भरतीपर्यंत व पुन्हा उधाणापर्यंतचं चक्र सुमारे पावणेपंधरा दिवसांचं असतं. ते पूर्ण हाती यायला हवं.

मला विचाराल तर पहिल्या मोहिमेसाठी थर्मिस्टरची साखळी सर्वात भरवशाची. तळाशी वजन, वर बोया, मधल्या दोरावर दर दोन-चार मीटरवर तापमापक. थर्मोक्लाइनमध्ये ते दाट लावा, तळाजवळ विरळ चालतात. मात्र दोन-तीन तरी दाबमापक याच दोरावर हवेत, आणि खर्च वाचवायला हेच आधी वगळले जातात. लाट येते तेव्हा प्रवाहही येतो, दोर कलतो आणि सगळे तापमापक खाली जातात. थर्मोक्लाइन खाली दाबणाऱ्या लाटेत तापमापकांना उबदार पाणी भेटायला हवं. पण ते स्वतःच खोल गेलेले असतात, त्यामुळे लाट प्रत्यक्षाहून लहान दिसते. किती कलला हे दाब सांगतो, म्हणून दुरुस्ती करता येते.

तापमानावर कितपत विसंबायचं, हे समुद्रावर अवलंबून आहे. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात नद्यांच्या गोड्या पाण्याने वरचा थर हलका होतो आणि हिवाळ्यात थंड पाणी उबदार पाण्याच्या वर राहू शकतं. तिथे क्षारता मोजल्याशिवाय घनता कळत नाही. सीटीडीची, म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली एकत्र मोजणाऱ्या उपकरणाची, जोड हवीच.

लाटेची दिशा हवी असेल तर त्रिकोणात तीन मुरिंग, म्हणजे तळाला बांधलेल्या अशा तीन साखळ्या, लागतात. एक किलोमीटर अंतर कापायला आपल्या लाटेला अर्धा तास लागेल, आणि तेवढ्यात मागून आणखी दोन-तीन लाटा आलेल्या असतील. इथली कोणती लाट तिथली कोणती, हा घोळ मोठा असतो. समूहातली पुढची लाट बहुधा सर्वात मोठी असते, तिच्यावरून जुळवा. सगळ्या उपकरणांची घड्याळं पाण्यात सोडण्याआधी आणि बाहेर काढल्यावर एकाच प्रमाणवेळेशी ताडून वहीत लिहा.

तळावर ठेवलेला एडीसीपी, म्हणजे ध्वनिकिरणांनी प्रवाह मोजणारं उपकरण, वेगवेगळ्या उंचीवरचा प्रवाह दाखवतो, पण त्याचे किरण उभ्या रेषेपासून तिरके जातात. २० अंशांच्या किरणांमध्ये ६० मीटर उंचीवर सुमारे ४४ मीटर अंतर पडतं, आणि चारही किरणांच्या जागी प्रवाह एकसारखा आहे असं उपकरण धरून चालतं. लाट आखूड असेल तर हे गृहीतक डळमळतं, उभ्या वेगाच्या बाबतीत जास्तच. शिवाय पृष्ठभागाच्या परावर्तनामुळे पाण्याच्या उंचीतला वरचा सुमारे ६ टक्के भाग निरुपयोगी ठरतो.

जहाजावरचा इको साउंडर, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीतून पाण्यातलं चित्र दाखवणारं यंत्र, मात्र दुर्लक्षू नका. प्लवकांचा थर पडद्यावर एकाएकी खाली झुकतो, वर येतो, पुन्हा झुकतो. इतकी वर्षं हे काम करूनही ते दिसलं की मी पडद्यासमोरून उठत नाही. त्याच वेळी एकाने डेकवर जाऊन पाणी पाहावं. लाटेमुळे पृष्ठभागावरचं पाणी कुठे एकवटतं, कुठे फाकतं, म्हणून खडबडीत आणि गुळगुळीत पट्टे पडतात. एकोणिसाव्या शतकातल्या खलाशांनी मलाक्का सामुद्रधुनीकडच्या पाण्यात असे पट्टे नोंदवले होते. पुढे १९८० मध्ये ऑसबोर्न आणि बर्च या संशोधकांनी अंदमान समुद्रातल्या मोजमापांवरून ते अंतर्गत सॉलिटॉनशी, म्हणजे आकार न बदलता लांब जाणाऱ्या एकेकट्या अंतर्गत लाटांशी, जोडले.

रडार उपग्रहालाही हेच पट्टे दिसतात, म्हणून पहिला सराव घरबसल्या करता येतो. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात. उन्हाळ्यातलं, मंद वाऱ्याच्या दिवसाचं चित्र निवडा. वारा फारच पडलेला किंवा जोराचा असेल तर पट्टे उमटत नाहीत. लाटेच्या दिशेने पाहता तेजस्वी (खडबडीत) पट्टा पुढे आणि काळा (गुळगुळीत) मागे असेल, तर थर्मोक्लाइन खाली दबतो आहे. उलट असेल तर तो वर उचलला जातो आहे, आणि किनाऱ्याजवळ खालचा थर वरच्यापेक्षा पातळ झाला की असं घडतं. मग लागोपाठच्या दोन समूहांमधलं अंतर मोजा आणि १२.४२ तासांनी, म्हणजे दोन भरतींमधल्या काळाने, भागा. लाटेचा वेग मिळतो. आपल्या उदाहरणातल्या वेगाने हे अंतर सुमारे २४ किलोमीटर यायला हवं. फारच वेगळं आलं, तर आधी त्या महिन्याचं घनतेचं प्रोफाइल पाहा, मग तिथला सरासरी प्रवाह, आणि त्यानंतर दोन्ही समूह एकाच ठिकाणी जन्मले आहेत का, ते तपासा.