ब्ल्यूबेरीचे रोप विकत घेण्यापूर्वी: थंडी, सामू आणि मुळे यांची पारख

पानगळ झाल्यापासून नवी पालवी फुटेपर्यंत ब्ल्यूबेरीचे झुडूप विश्रांतीत असते आणि रोपे आणून लावण्यास हाच काळ सर्वांत सोयीचा असतो. घरच्या बागेत दोन-तीन झुडपे लावू इच्छिणाऱ्यांना पहिला आणि आग्रहाचा सल्ला असा, की रोपाची खरेदी सर्वांत शेवटी करावी. आधी जमिनीचा व पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) तपासून घ्यावा, आपल्याकडे हिवाळ्यात थंडी किती पडते याचा अंदाज घ्यावा, त्यानुसार जात ठरवावी आणि मगच रोपवाटिकेत जावे. चिठ्ठीवरचे घोसांचे चित्र पाहून घेतलेले रोप पुष्कळदा दुसऱ्या वर्षीच पिवळे पडते, आणि त्याचे कारण रोपात नसून जमिनीत असते.

ब्ल्यूबेरीला ४.५ ते ५.५ सामू असलेली आम्लधर्मी जमीन लागते. बहुतेक भाजीपाल्याला ६ ते ७ सामू मानवतो. म्हणजे ज्या वाफ्यात टोमॅटो उत्तम येतो, तेथे ब्ल्यूबेरी चांगली येईलच असे मुळीच नाही. सामू जास्त असला की जमिनीत लोह असूनही झुडपाला ते घेता येत नाही, मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी खताची मात्रा वाढवून काहीही साधत नाही, उलट क्षारांमुळे मुळांना इजा होते. ब्ल्यूबेरीला आम्ल जमीनच हवी, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली आपल्या प्रयोगांतून मांडले. त्यानंतर न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट यांच्या सहकार्याने रानातील निवडक झुडपांपासून लागवडीच्या जाती तयार झाल्या आणि १९१६ साली त्यांची पहिली फळे बाजारात आली. त्याआधी हे झुडूप बागेत जगतच नाही, अशीच समजूत होती.

सामू उतरवण्यासाठी गंधकाची भुकटी हा भरवशाचा उपाय आहे, मात्र तो सावकाश चालतो. जमिनीतील जिवाणू गंधकाचे आम्लात रूपांतर करतात आणि त्यासाठी ओल, ऊब व काही महिन्यांचा अवधी लागतो. म्हणून लागवडीच्या किमान सहा महिने आधी, माती परीक्षणाच्या अहवालात सुचवलेल्या मात्रेनेच गंधक मिसळावे आणि लावण्यापूर्वी सामू पुन्हा तपासावा. व्हिनेगर किंवा कॉफीचा चोथा यांवर विसंबू नये, कारण त्यांचा परिणाम टिकत नाही. जमीन चुनखडीयुक्त असेल, तर तिच्याशी झगडत बसण्यापेक्षा सरळ मोठ्या कुंडीचा मार्ग धरावा. झुडूप पूर्ण वाढले की त्याला सुमारे ४० ते ५० लिटरची कुंडी लागते आणि तीत पीट मॉस (दलदलीतील कुजलेले शेवाळ) व पाइनच्या सालीचा चुरा यांचे मिश्रण चांगले चालते. शेणखत, राख आणि चुना मात्र या झुडपापासून दूर ठेवावेत. विहिरीचे किंवा नळाचे पाणी जड (चुन्याचे क्षार असलेले) असेल, तर ते उतरवलेला सामू हळूहळू पुन्हा चढवते. म्हणून शक्य तितके पावसाचे पाणी साठवून वापरावे.

जात निवडताना थंडीचा हिशेब निर्णायक ठरतो. हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसच्या खाली किती तास मिळतात, यावर कळ्या फुटणे अवलंबून असते. ‘ब्ल्यूक्रॉप’, ‘ड्यूक’ अशा उत्तरी हायबुश (उंच वाढणाऱ्या झुडपांच्या) जातींना साधारण ८०० तास किंवा त्याहून अधिक थंडी लागते. ‘मिस्टी’, ‘शार्पब्ल्यू’, ‘बिलॉक्सी’ यांसारख्या दक्षिणी हायबुश जाती सौम्य हिवाळ्यासाठी तयार केलेल्या असून त्यांतील अनेक जाती २०० ते ३०० तासांतही फुलतात. ‘टिफब्ल्यू’, ‘प्रीमियर’ या रॅबिटआय गटातील जाती उन्हाळा चांगला सोसतात, मात्र त्यांना फळधारणेसाठी त्याच गटातील व एकाच वेळी फुलणारी दुसरी जात जवळ लागतेच. हायबुश झुडूप एकटेही फळते, तरी शेजारी दुसरी जात असल्यास फळे मोठी होतात व लवकर पिकतात. म्हणून जागा लहान असली, तरी एकाच जातीची दोन रोपे घेण्याऐवजी दोन जातींचे प्रत्येकी एक रोप घ्यावे.

रोपवाटिकेत गेल्यावर दोन ते तीन वर्षे वयाचे, छाट कलमापासून किंवा ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत झाडाच्या लहानशा तुकड्यापासून) तयार केलेले आणि जातीची चिठ्ठी असलेले रोप मागावे. बियांपासून केलेल्या रोपात मूळ जातीचे गुण उतरतीलच असे नाही. विक्रेत्याची परवानगी घेऊन रोप पिशवीतून अलगद काढावे आणि मुळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. केसांसारखी बारीक, फिकट तपकिरी मुळे मातीच्या हुंडीत (मुळांभोवतीच्या गोळ्यात) सर्वत्र पसरलेली असतील, तर रोप निरोगी समजावे. मुळे काळपट व मऊ असतील किंवा मातीला कुबट वास येत असेल, तर मूळकूज झालेली असते. असे रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. मुळे पिशवीच्या कडेने गोल गोल गुंडाळलेली असल्यास रोप चालते, परंतु लावताना हुंडी बाहेरून हाताने सैल करणे आवश्यक असते, अन्यथा मुळे जमिनीत शिरतच नाहीत. बुंध्यापासून निघालेल्या दोन-तीन जोमदार फांद्या असाव्यात. फांदीच्या टोकाकडील फुगीर, गोलसर कळ्या फुलांच्या असतात आणि खालच्या बारीक, टोकदार कळ्या पानांच्या. फुलांनी लगडलेले लहान रोप पाहून हुरळून जाऊ नये, कारण ती फुले पुढे काढूनच टाकायची आहेत.

हायबुश झुडपांत सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवावे आणि रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच लावावे. पाणी साचणाऱ्या जागी उंच वाफा करणे अनिवार्य आहे. मुळे उथळ असल्याने लाकडाचा भुसा किंवा साल यांचे ७ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन बुंध्यापासून थोडे दूर पसरावे आणि जमीन सतत ओलसर, पण चिखल होणार नाही अशी राखावी. लावताना खड्ड्यात खत घालू नये. रोप रुजून नवी पालवी आल्यावर अमोनियम सल्फेट अगदी थोड्या मात्रेत, बुंध्यापासून दूर गोलाकार द्यावे. नायट्रेटयुक्त खते आणि म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) या पिकाला मानवत नाहीत. पहिल्या वर्षी आणि रोप अशक्त वाटल्यास दुसऱ्याही वर्षी आलेली सर्व फुले खुडून टाकावीत, म्हणजे झुडपाची शक्ती मुळांच्या व फांद्यांच्या वाढीकडे वळते.