तळ्याकाठचा रस्ता नव्याने करताना

रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर म्हणून माझी वीस वर्षं गेली, आणि फिरायला रोज कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर. त्यामुळे तळ्याकाठचा रस्ता नव्याने करायचा म्हटलं की मी सांगतो, नकाशा नंतर. आधी काठावर जाऊन माणसं मोजा. पहाटे, शाळा सुटताना आणि रविवारी संध्याकाळी. सकाळी सगळे चालत असतात, संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्यांभोवती घोळका उभा असतो. त्या गाड्या हुसकावू नका. चालण्याच्या पट्ट्याबाहेर त्यांना हक्काची जागा आखून द्या.

मग रुंदीची वाटणी. आपल्याकडे आधी मोटारींचा रस्ता आखतात आणि उरलंसुरलं चालणाऱ्याला देतात. तुम्ही फक्की तळ्याच्या कठड्यापासून मारायला घ्या. चालायला निव्वळ मोकळी 1.8 मीटर जागा हवीच. खांब, झाड, विजेची डीपी सगळं त्याच्या बाहेर. चौपाटीसारख्या ठिकाणी याच्या दुप्पट द्या. त्याला लागून 2 मीटर सायकलला, मग मोटारी. सायकलची पट्टी फूटपाथपेक्षा चार बोटं खाली ठेवा, म्हणजे पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला कड लागते. बसथांबा आला की पट्टी त्याच्या मागून न्या. आणि सायकलच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक नकोत. खालचा थर नीट दाबला नसेल तर ते खचतात, चाक आदळतं आणि सायकलवाला पुन्हा मोटारींत उतरतो.

नळ, केबल, ड्रेनेज हे सगळं फरशीआधी उरकायचं, हे वेगळं सांगायला नको. पाण्याचं मात्र सांगतो. रंकाळ्यातलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, कितीदा काढलं, कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. ते सांडपाण्यावर पोसतं. त्यात रस्त्यावरचं तेल-माती तरी आपण घालायची नाही. म्हणून रस्त्याचा ढाळ तळ्याकडे नको; मीटरला 2 सेंटिमीटर, उलट बाजूच्या गटाराकडे. गटाराला मध्येमध्ये गाळाचे चेंबर ठेवा. डांबर पडायच्या आधी टँकरचं पाणी सोडून ते कुठे जातं ते स्वतः बघा.

गटाराच्या जाळीकडे कुणी बघत नाही. आमच्या एका कामावर जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनेच बसले. एका शाळकरी पोराचं पुढचं चाक त्यात रुतलं आणि त्याची हनुवटी फुटली. तेव्हापासून प्रत्येक जाळी मी उभं राहून आडवी बसवून घेतो.

कर्ब, म्हणजे फूटपाथची कड, 15 सेंटिमीटरच्या वर नको. त्याला 1:12 उताराने रॅम्प म्हणजे 1.8 मीटर लांबी. लोक निम्म्यात भागवतात आणि व्हीलचेअर मागे घसरते. मोटारी अडवायला लावलेल्या बुटक्या खांबांमध्ये, म्हणजे बोलार्डमध्ये, तिच्यासाठी 1.2 मीटर सोडावे लागतात, पण तेवढ्यातून मोटारसायकलही घुसते. यावर पक्का तोडगा मला सापडलेला नाही. मी आत यायची तोंडं मोजकीच ठेवतो आणि प्रत्येक तोंडाशी दिवा लावतो.

शेवटचं बिल निघण्याआधी व्हीलचेअर आणि सायकल घेऊन अंधार पडल्यावर पूर्ण फेरी मारा. जिथे अडेल तिथे खडूने फुली, आणि सकाळी गवंडी त्या फुलीवर.